जाळं न टाकणारा कोळी

जुलै महिन्यातली संध्याकाळ. बाहेर धो धो पाऊस कोसळतोय. वांद्र्याच्या समुद्रावरून येणारा वारा खिडक्यांची तावदानं खडखडवतोय. तुम्ही क्लासमधून चिंब भिजून घरी आलात, पाय धुवायला बाथरूममध्ये शिरलात, दिवा लावलात आणि... बाप रे! समोरच्या भिंतीवर तळहाताएवढा कोळी! आठही पाय पसरून भिंतीला चिकटून बसलेला!

"आई गं! टॅरंटुला!"

झालं! घरात एकच पळापळ. ताई पलंगावर चढते. आजी दारातूनच ओरडते, "हात लावू नकोस रे, विषारी असतो मेला!" आणि बाबा हातात चप्पल घेऊन धावत येतात.

थांबा! बाबांना म्हणावं, एकच मिनिट थांबा. त्या एका मिनिटात आपण भिंतीवरच्या पाहुण्याची नीट ओळख करून घेऊ. नाव-गाव न विचारता कुणाला एकदम चप्पल मारायची, हे काही बरं नाही, खरं ना?

भिंतीवरचा तो कोण?

मुलांनो, पहिली गोष्ट म्हणजे तो टॅरंटुला नाही. मुंबईतल्या घरांमध्ये, विशेषतः पावसाळ्यात, जो भलामोठा कोळी दिसतो तो बहुतेक वेळा 'हंट्समन', म्हणजे शिकारी कोळी असतो. त्याचं शरीर चपटं असतं. पाय खेकड्यासारखे बाजूला वळलेले असतात, त्यामुळे दाराच्या फटीतून, कॅलेंडरच्या मागून तो सहज सरकतो. आणि पळतो कसा? डोळ्याचं पातं लवायच्या आत भिंतीच्या या टोकावरून त्या टोकाला! कधी कधी त्याच्या पोटाखाली एक पांढुरकी चपटी टिकली दिसते. ती टिकली नव्हे, ती अंड्यांची पिशवी. म्हणजे तो 'तो' नसून 'ती' आहे, आणि ती आपलं बाळंतपण बरोबर घेऊन हिंडते आहे.

हा शिकारी कोळी तुमच्या घरात का येतो? झुरळं खायला! रात्री तुम्ही झोपलात की तो ओट्याखाली गस्त घालतो. पगार नाही, सुट्टी नाही, तक्रार नाही. असा पहारेकरी कुणाला परवडणार नाही?

मग खरा टॅरंटुला कसा असतो? तो चपटा नसतो, चांगला गुबगुबीत असतो. त्याचे पाय जाडजूड आणि अंगभर केस असलेले, जणू मखमलीचा पायमोजा घातलेला. आणि मुख्य म्हणजे तो असा घराघरांतून धावत सुटत नाही. तो पक्का घरकोंबडा! त्याला भेटायचं तर आपल्यालाच त्याच्या गावाला जावं लागतं. तिकडे आपण जाणारच आहोत. पण आधी थोडं चिंबईला जाऊन येऊ.

दोन प्रकारचे कोळी

वांद्र्यात राहणाऱ्यांना चिंबई ठाऊक असेल. समुद्राला लागून असलेला हा जुना कोळीवाडा. होड्या, वाळत घातलेली जाळी, सुकटीचा वास. आता गंमत पाहा. मराठीत मासे पकडणारा तोही कोळी आणि आठ पायांचा तोही कोळी! दोघांनाही एकच नाव, आणि दोघांचीही ओळख जाळ्यावरून. जाळं पसरायचं, धीर धरायचा आणि अडकेल ते ओढून घ्यायचं.

पण टॅरंटुला हा असा कोळी आहे, जो जाळंच टाकत नाही! छताच्या कोपऱ्यात दिसणारं चाकासारखं सुरेख जाळं विणणं त्याला जमत नाही. म्हणजे रेशीम त्याच्याकडे नाही असं नव्हे हं. पोटाच्या टोकाशी असलेल्या तंतुग्रंथींमधून तो भरपूर रेशीम काढतो. पण ते वापरतो घरासाठी. जमिनीत बीळ केलं की त्याला आतून रेशमाचं अस्तर लावतो, म्हणजे माती ढासळत नाही. बिळाच्या तोंडाशी काही धागे पसरून ठेवतो. रात्री एखादं झुरळ किंवा नाकतोडा त्या धाग्याला अडखळला, की आत बसलेल्या मालकाला घंटी वाजल्यासारखं कळतं. मग एक झेप आणि खेळ खलास!

जाळ्याच्या जागी त्याच्याकडे आहेत दोन गोष्टी: भरपूर धीर आणि भलेथोरले सुळे.

नाव इटलीचं, कोळी भलताच

'टॅरंटुला' हे नाव आलं कुठून? इटलीच्या दक्षिणेला तारांतो नावाचं बंदर आहे. काही शतकांपूर्वी तिथल्या शेतांमध्ये एक कोळी होता. तो चावला तर माणूस मरतो, आणि वाचायचं असेल तर थकून पडेपर्यंत नाचायला हवं, अशी लोकांची समजूत! त्या नाचावरूनच 'तारांतेला' हा इटलीचा प्रसिद्ध लोकनृत्यप्रकार ओळखला जाऊ लागला.

पण खरी मजा पुढेच आहे. तारांतोचा तो कोळी टॅरंटुला नव्हताच! तो होता 'लांडगा कोळी', आपल्या बागेत जमिनीवर पळतात त्या कोळ्यांचा मोठा भाऊ. पुढे युरोपातले लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांना प्रचंड केसाळ कोळी दिसले, आणि आपल्या गावाकडचं भीतीचं नाव त्यांनी या नव्या कोळ्यांना चिकटवून टाकलं. ते आजतागायत चिकटून आहे. म्हणजे या बिचाऱ्याची बदनामी त्याच्या जन्माआधीपासूनची!

शास्त्रज्ञ या केसाळ कुटुंबाला 'थेराफोसिडी' म्हणतात. जगात त्यांच्या हजाराहून जास्त जाती आहेत. सगळ्यांत वजनदार म्हणजे दक्षिण अमेरिकेतला 'गोलायथ'. त्याचे पाय पसरले तर जेवणाच्या ताटाएवढे, जवळजवळ ३० सेंटिमीटर! वजन दीडशे ग्रॅमच्याही पुढे. जर्मनीत जन्मलेल्या मारिया सिबिला मेरियन या धाडसी चित्रकर्तीनं सुरीनाम देशात जाऊन तिथल्या कीटकांची चित्रं काढली. १७०५ साली छापलेल्या तिच्या पुस्तकातल्या एका चित्रात मोठा कोळी छोट्या पक्ष्याला खाताना दाखवला होता. लोकांनी तिला वेड्यात काढलं. पण असे कोळी क्वचित पक्ष्याचं पिल्लूही खातात, हे पुढे इतरांनीही पाहिलं. रोजचं जेवण मात्र साधंच: किडे, गांडुळं, बेडूक.

आत डोकावून पाहू

चला, आता टॅरंटुलाची शरीररचना पाहू. घाबरू नका, चिरफाड करायची नाही!

कोळी हा कीटक नाही, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलं असेल. कीटकाला सहा पाय आणि शरीराचे तीन भाग. कोळ्याला आठ पाय आणि शरीराचे दोन भाग. टॅरंटुलाकडे पाहिलं तर मात्र दहा पाय मोजले जातात! पुढचे दोन छोटे 'पाय' हे खरे पाय नव्हेत, ते आहेत स्पर्शपाद. चाचपायला, भक्ष्य धरायला त्यांचा हातासारखा उपयोग होतो.

डोळे किती? आठ! डोक्यावरच्या एका लहानशा उंचवट्यावर गच्चीवरच्या टाक्यांसारखे ते दाटीवाटीनं बसलेले असतात. पण 'आठ डोळे असून आंधळा' म्हणावं अशी गत. उजेड-अंधार आणि हालचाल यापलीकडे त्याला फारसं दिसत नाही. मग जगतो कसा? केसांवर! त्याच्या अंगावरचे केस म्हणजे शोभा नव्हे. काही केसांना हवेची झुळूक कळते, काहींना जमिनीची थरथर, काहींना चव. तुम्ही दहा पावलांवर पाय आपटलात तरी त्याच्या पायांना बातमी पोहोचते. पायांच्या टोकांशी दाट केसांची गादी असते. तिच्या जोरावर झाडावर राहणारे टॅरंटुला गुळगुळीत काचेवरसुद्धा चढून जातात.

आता सुळे पाहा. छताच्या कोपऱ्यातला साधा कोळी चावतो तो चिमट्यासारखा, दोन्ही सुळे समोरासमोर आणून. टॅरंटुलाचे सुळे वरून खाली येतात, कुदळीचे दोन घाव एकदम पडावेत तसे. म्हणून हल्ला करायच्या आधी त्याला पुढचं अंग उचलावं लागतं. ही खूप जुनी पद्धत आहे. श्वासाची तऱ्हाही जुनीच. पोटाखाली पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ पापुद्र्यांची फुप्फुसं असतात. त्यांना 'पुस्तक-फुप्फुस' असंच म्हणतात. बहुतेक साध्या कोळ्यांकडे त्यांची एक जोडी असते, टॅरंटुलाकडे दोन.

आणि रक्त? निळसर! आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेतं ते लोहयुक्त हिमोग्लोबिन, म्हणून रक्त लाल. कोळ्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असलेलं हिमोसायनिन असतं, म्हणून निळी झाक. थोडक्यात, तांब्याचा कारभार!

याच रक्ताची आणखी एक करामत आहे. तुम्ही रस्ता खोदणारं जेसीबी यंत्र पाहिलं असेल. त्याचा लांबलचक हात कशानं हलतो? आतल्या तेलाच्या दाबानं. कोळ्याचे पायही तसेच! पाय आत ओढायला त्याच्याकडे स्नायू आहेत, पण काही मुख्य सांध्यांवर पाय बाहेर ताणणारे स्नायूच नाहीत. तो रक्ताचा दाब वाढवतो आणि पाय सरळ होतात. मेलेल्या कोळ्याचे पाय नेहमी पोटाशी मुडपलेले का असतात, ते आता कळलं? दाब गेला, पाय मिटले.

म्हणूनच हा दांडगा दिसणारा प्राणी आतून फार नाजूक असतो. पोटाची कातडी फुग्यासारखी पातळ. जमिनीवर राहणारा जडशीळ टॅरंटुला टेबलाच्या उंचीवरून जरी पडला तरी त्याचं पोट फुटू शकतं. एक चीर, आणि दाब गेला, की संपलंच.

जुना सदरा, नवा सदरा

तुम्ही वाढलात की जुना युनिफॉर्म तोकडा होतो. टॅरंटुलाचंही तसंच. त्याचा सांगाडा बाहेरून असतो, चिलखतासारखा, आणि चिलखत काही वाढत नाही. मग तो सापासारखी कात टाकतो. आधी कित्येक दिवस खाणं बंद. मग जमिनीवर राहणारा टॅरंटुला चक्क उताणा पडतो. पाहणाऱ्याला वाटतं, मेला! पण थोड्या वेळानं पाठीवरचं चिलखत उकलतं आणि आतून नवाकोरा, ओलसर कोळी हळूहळू एकेक पाय बाहेर काढतो. अगदी सुळ्यांचीसुद्धा कात निघते. मागे राहतो तो हुबेहूब कोळ्यासारखा पोकळ सदरा.

एखादा पाय तुटला असेल तर? हरकत नाही. पुढच्या काही कातींमध्ये नवा पाय उगवतो. आधी बारका, मग पुरता. कात टाकल्यावर मात्र काही दिवस अंग इतकं मऊ असतं की झुरळाचीही भीती वाटावी. तेव्हा शहाणा कोळी बिळाबाहेर पडत नाही.

आजीच्या वयाचा कोळी

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. एखादी माशी किती जगते? काही आठवडे. टॅरंटुलाची मादी? काही जातींमध्ये वीस वर्षं आणि त्याहूनही जास्त! म्हणजे तुमची दहावी-बारावी होऊन तुम्ही नोकरीला लागलात, तरी ती आपल्या त्याच बिळात असू शकते.

नराचं आयुष्य त्या मानानं थोडं. वयात आला की तो शेवटची कात टाकतो, घर सोडतो आणि मादीच्या शोधात रात्री-अपरात्री भटकू लागतो. मादीच्या बिळाशी पोहोचला की दारावर पायांनी टकटक करतो. उगाच आत शिरण्याची त्याची टाप नसते, कारण बाईसाहेबांनी जेवण समजून खाऊन टाकलं तर? मीलन झालं की तो काढता पाय घेतो, आणि काही महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत त्याची यात्रा संपते.

मादी रेशमाच्या पिशवीत अंडी घालते आणि ती पिशवी जिवापाड सांभाळते. काही जातींत एका पिशवीतून शेकडो पिल्लं निघतात. पण तुमच्या नखापेक्षाही लहान अशी ही पिल्लं म्हणजे मुंग्या, पाली, पक्षी, सगळ्यांचा खाऊ. त्यातली मोजकीच मोठी होतात, आणि मोठी व्हायलाही वर्षं लागतात.

कोळी किती जगू शकतो याचं एक थक्क करणारं उदाहरण ऑस्ट्रेलियात घडलं. टॅरंटुलाची एक चुलत बहीण म्हणजे बिळाला झाकण लावणारी ट्रॅपडोअर कोळीण. बार्बरा यॉर्क मेन या शास्त्रज्ञ बाईंनी १९७४ साली अशा कोळ्यांचा अभ्यास सुरू केला आणि बिळांना क्रमांक दिले. त्यातली १६ नंबरची कोळीण त्याच बिळात राहिली, तब्बल ४३ वर्षं! २०१६ साली ती नाहीशी झाली, तेव्हा बिळाच्या झाकणाला भोक पडलेलं दिसलं. बहुधा एका गांधीलमाशीनं घात केला. अशा गांधीलमाश्या कोळ्याला डंख मारून लुळा करतात आणि त्याच्यावर अंडी घालतात. म्हणजे ज्याला आपण घाबरतो, तोही कुणाला तरी घाबरतो!

आपल्या सह्याद्रीतले केसाळ शेजारी

टॅरंटुला म्हटलं की अॅमेझॉनचं जंगल डोळ्यांपुढे येतं. पण वांद्र्याहून दादरला जा, तिथे गाडी बदलून नेरळला उतरा आणि माथेरानचा डोंगर चढा. घोड्यांचा, माकडांचा आणि चिक्कीचा हा डोंगर एका टॅरंटुलाचंही घर आहे. त्याचं नाव 'हॅप्लोक्लास्टस व्हॅलिडस'. जिभेला व्यायाम झाला ना? लॅटिनमध्ये व्हॅलिडस म्हणजे बळकट. १८९९ साली रेजिनाल्ड पोकॉक यांनी या जातीचं वर्णन केलं.

हे पोकॉकसाहेब लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करत. मग त्यांना माथेरानचा कोळी कुठे भेटला? आगबोटीनं! त्या काळी हिंदुस्थानातले निसर्गप्रेमी रानात सापडलेले प्राणी बाटल्यांत भरून त्यांच्याकडे पाठवत. यात मुंबईचा मोठा वाटा होता. १८८३ साली अवघ्या आठ जणांनी मिळून स्थापन केलेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आजही फोर्टमधल्या हॉर्नबिल हाउसमधून काम करते. तिच्या नियतकालिकात १९०० साली पोकॉक यांचा आपल्याकडच्या मोठ्या कोळ्यांवर लेख आला. म्हणजे या विषयावर मुंबईत शंभरावर वर्षांपूर्वी लिहिलं गेलंय!

तो लेख होता 'पिसिलोथेरिया' नावाच्या कोळ्यांवर. हे टॅरंटुला फक्त भारत आणि श्रीलंकेत सापडतात. ते जमिनीत राहत नाहीत. जुन्या झाडांच्या ढोल्यांत आणि सुटलेल्या सालीखाली त्यांचा मुक्काम. पाठीवर राखाडी, काळी, पांढरी नक्षी अशी, की सालीवर बसला तर हाताच्या अंतरावरून दिसणार नाही. त्यातला 'रेगालिस', म्हणजे राजेशाही, आपल्या पश्चिम घाटात राहतो. पाय पसरले तर १५ सेंटिमीटरच्याही पुढे जातो. कुणी छेडलं तर हे महाराज पुढचे पाय उंच उचलतात, आणि पायांखालचा पिवळाधमक रंग एकदम चमकतो. 'मागं हो!' अशी ती पाटीच.

काही जाती तर आवाज करून दटावतात. 'किलोब्राकिस' या गटातले टॅरंटुला तोंडाजवळचे खरबरीत केस एकमेकांवर घासून सापासारखा फुत्कार काढतात. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधल्या वुड-मेसन यांनी १८७०च्या दशकातच या आवाजावर लिहिलं होतं.

चावला तर?

आता तुमच्या मनातला प्रश्न. टॅरंटुलाच्या विषानं माणूस मरतो का?

टॅरंटुलाला विष असतं, पण ते झुरळ-नाकतोड्यांसाठी. त्याच्या विषानं माणूस मेल्याची खात्रीलायक नोंद नाही. अमेरिकेतले काही टॅरंटुला पोटावरचे खाजरे केस मागच्या पायांनी उडवतात आणि शत्रूची आग-आग करतात. आपल्याकडच्या टॅरंटुलांकडे हे हत्यार नाही. म्हणून ते चावण्यावर जास्त भिस्त ठेवतात, आणि पिसिलोथेरिया चावला तर भयंकर दुखतं, स्नायूंत गोळे येतात, कधी कधी हा त्रास काही दिवस टिकतो. तेव्हा बिळात किंवा ढोलीत बोट घालायचं नाही म्हणजे नाही! आणि कुणाला चावलाच तर सरळ डॉक्टरांकडे.

कोळ्यापेक्षा घबराट कशी वाईट ठरते, ते २०१२ साली आसामात दिसलं. तिथल्या सदिया भागात मोठे कोळी लोकांना चावल्याच्या बातम्या पसरल्या. दोन माणसं दगावली. पण चावा झालेले लोक आधी मांत्रिकांकडे गेले होते आणि तिथे जखमा ब्लेडनं कापल्या गेल्या होत्या. मृत्यू कोळ्याच्या विषानंच झाले, हे काही सिद्ध झालं नाही.

मग धोका कुणाला?

खरा धोका टॅरंटुलाला आहे, आणि तो आपल्यापासून.

एक गोष्ट ऐका. आंध्र प्रदेशातल्या गुत्ती रेल्वे स्थानकाजवळ लाकडांच्या साठ्यात एकदा एक कोळी सापडला. मोरपिसासारखा झळझळीत निळा! पोकॉक यांनी १८९९ साली त्याला 'पिसिलोथेरिया मेटॅलिका' नाव दिलं. त्यानंतर शंभर वर्षं तो कुणाला दिसला नाही. अखेर २००१ साली सापडला तो गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटर लांब, नंद्यालच्या बाजूच्या जंगलात. म्हणजे पहिला कोळी बहुधा तोडलेल्या लाकडांबरोबर मालगाडीतून बिनतिकीट आला असावा! आज हा निळा कोळी अतिधोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. त्याचं उरलेलं जंगल आहेच एवढंसं, आणि तेही तुटतंय. त्यात तो दिसायला सुंदर. मग काय, परदेशात लोक टॅरंटुला काचेच्या पेटीत पाळतात, त्यांच्यासाठी त्याची पकडापकडी सुरू झाली. २०१९ साली जिनिव्हाला वन्यप्राण्यांच्या व्यापारावरची 'सायटिस' ही जागतिक परिषद भरली, तेव्हा पिसिलोथेरियाच्या सगळ्याच जातींच्या व्यापारावर नियंत्रण घालण्यात आलं.

आता आपण मघाशी शिकलो ते आठवा. हा प्राणी हळू वाढतो. मादी मोठी व्हायला वर्षं लागतात. ती एकाच बिळात, एकाच झाडात राहते. चिमणीसारखं उडून दुसरीकडे जाणं तिला जमत नाही. झाड पडलं की तिचं घर गेलं आणि बहुधा तीही गेली. वीस वर्षांची कोळीण चपलेखाली यायला एक सेकंद पुरतो. तिच्या जागी दुसरी यायला? पुन्हा वीस वर्षं!

म्हणून कुणी मित्र कानाशी लागून म्हणाला, "अमुक ठिकाणी टॅरंटुला विकत मिळतो, घ्यायचा का?" तर काय सांगायचं, ते तुम्हीच ठरवा. एका प्लॅस्टिकच्या डबीसाठी कुठल्या तरी जंगलातली एक ढोली रिकामी झालेली असू शकते.

खरं की खोटं?

१. टॅरंटुला हा कीटक आहे. *खोटं. आठ पाय, शरीराचे दोन भाग.*

२. त्याचं रक्त निळसर असतं. *खरं. तांब्यामुळे.*

३. तो चाकासारखं मोठं जाळं विणतो. *खोटं. त्याचं रेशीम घरासाठी.*

४. आठ डोळे असल्यामुळे त्याला फार छान दिसतं. *खोटं. त्याची भिस्त केसांवर.*

५. मादी नरापेक्षा खूप जास्त जगते. *खरं.*

पाचही बरोबर आले? शाब्बास!

आता तुम्ही काय करणार?

कोळी पाहायला माथेरानलाच जायला हवं असं नाही. वांद्र्यातच सुरुवात करा. मिठी नदीपलीकडचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान तुम्ही पाहिलंय का? एके काळी तिथे मुंबईचा कचरा टाकत. मग त्या ढिगाऱ्यावर माती घालून झाडं लावली आणि १९९४ साली उद्यान सुरू झालं. कचऱ्याचं जंगल झालं, तसे तिथे किडे आले, आणि किड्यांमागून कोळी! आईबाबांबरोबर एका सकाळी तिथे जा. एक वही न्या. कुठल्या झाडावर, कसलं जाळं, कोळ्याचा आकार केवढा, तो काय करत होता, हे लिहा. चित्र काढा. हात मात्र लावू नका. दहा कोळी नोंदवलेत की तुम्हाला अकरावा आपोआप दिसेल, कारण तोवर तुमची नजर तयार झालेली असेल.

रात्री घरात टॉर्च कपाळाशी धरून कुंड्यांमध्ये पाहा. हिरवट चमकणारे बारीक ठिपके दिसले तर ते दवबिंदू नसतील. ते असतील लांडगा कोळ्याचे डोळे, तुमच्याकडे रोखलेले! तोच तो, ज्याच्या भावानं तारांतोच्या लोकांना नाचवलं.

अरे हो, बाथरूममधला पाहुणा राहिलाच की! बाबा अजून चप्पल घेऊन उभे आहेत. त्यांना म्हणा, "बाबा, हा टॅरंटुला नाही. हा आपला झुरळं खाणारा पहारेकरी आहे." घरात ठेवायचा नसेल तर प्लॅस्टिकचा एक मोठा रिकामा डबा घ्या. हळूच त्याच्यावर पालथा घाला. भिंत आणि डबा यांच्यामध्ये एक जाड पुठ्ठा सरकवा. आता डबा उचला आणि बाहेरच्या झाडाशी नेऊन उघडा. मोठ्यांना मदतीला घ्या आणि घाई करू नका, त्याचे पाय दुखावतील.

तो क्षणभर थबकेल. मग आठही पाय गोळा करून पानांमध्ये दिसेनासा होईल. तुम्ही परत वर या आणि आजीला सांगा, "आजी, गेला तो. आणि मेला नाही हं, जिवंत गेला!"